बोलावणं तुम्हाला आलंय, मुलांना नाही: दोन लहान मुलं घेऊन किसुमूला जाताना

जय ख्रिस्त ताई,

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही दोघं नगरचे. पाठवणाऱ्या संस्थेने तीन वर्षांच्या सेवेसाठी पश्चिम केनियात, किसुमूच्या आसपास तुमची नेमणूक केली आहे. थोरली पाच वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या: मलेरियाचं काय करायचं, शाळेचं काय करायचं, आणि सासूबाई म्हणतात तसे 'आईबापाच्या सेवेपायी लेकरांचे हाल' होतील का.

पहिल्या दोन्हींवर पक्कं बोलता येतं आणि ते मी खाली सविस्तर लिहिलंय. पण कुटुंब मुदतीआधी परत येतं तेव्हा कारण बहुतेकदा मलेरिया नसतो. घरातला वेळ कुणाचा, हे न ठरवता माणसं निघतात, आणि वर्षभरात घराची धर्मशाळा होते. सासूबाईंच्या प्रश्नाला म्हणूनच मी सगळ्यात जास्त वजन देते. बोलावणं तुम्हा दोघांना आलंय. दीड वर्षाच्या मुलाला ते आलेलं नाही, तो फक्त तुमच्याबरोबर येतोय. काही पाळक म्हणतील की देव सबंध घराण्यालाच बोलावतो. त्या वादात मी पडत नाही. तयारी करताना मात्र 'मुलांनी हे निवडलेलं नाही' असं धरून चाला, नियोजन आपोआप वेगळं होतं.

यातलं बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे हेही सांगते. किसुमू शहरात राहणार की सिआया, बुसियाकडच्या एखाद्या गावात, यावर शाळा, दवाखाना, वीज, सगळंच बदलतं. मुलांचा स्वभाव आणखी वेगळा. थोरलीला बोलण्याची थेरपी चालू असेल, कुणाला फिट्स येत असतील, दमा आटोक्यात नसेल, तर निघण्याची तारीख सहा महिने पुढे ढकला किंवा नैरोबीतली नेमणूक मागा. असं मागणं म्हणजे विश्वास कमी पडला असं कुणी म्हणालं तर ऐकून घ्या आणि तरीही मागा.

आता घरातला वेळ. तिकीट काढण्याआधी संस्थेकडून पाच गोष्टी लेखी घ्या: पहिले सहा महिने काम काय (माझ्या मते फक्त भाषा शिकणं आणि घर लावणं), तुमची स्वतःची भूमिका काय, आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी, शाळेचा खर्च कोण करणार, आणि मूल गंभीर आजारी पडलं तर नैरोबीला न्यायचा निर्णय कोण घेणार. शेवटच्या प्रश्नाचं एकच बरोबर उत्तर आहे: आईबाप, आणि परवानगीची वाट न बघता.

तुमच्या भूमिकेचं नीट विचारा, कारण घोळ नेमका तिथेच होतो. कागदावर नवराबायको दोघेही मिशनरी असतात. प्रत्यक्षात नवरा भाषेच्या वर्गाला जातो, बायको गॅस, पाणी, बाजार आणि मुलं सांभाळते. वर्षभराने त्याला स्वाहिली येते, तिला भाजीवालीशी बोलण्यापुरती येते, आणि त्या देशात ती एकटी पडते. आई अशी एकटी पडली की मुलांचं तिथलं जग बंद होतं, कारण पाच वर्षांच्या मुलीच्या मैत्रिणी आईच्या ओळखीतूनच मिळतात. उपाय अवघड नाही. सकाळी आठ ते साडेदहा एक जण शिकायला, दुसरा मुलांपाशी. अकरा ते दीड अदलाबदल. दुपारी धाकटा झोपतो तेव्हा कुणीही काम करायचं नाही. शिक्षक घरी येत असेल तर बोलणं मुलांच्या देखत होऊ द्या, त्यांच्याही कानावर पडतं.

पश्चिम केनियात पाहुणा दारात येऊन 'होडी' अशी हाक देतो आणि घरातून 'कारिबू' म्हणायचं असतं, म्हणजे या, बसा. आधी कळवून येण्याची रीत नाही, आपल्याकडेही खेड्यात कुठे असते! मिशनऱ्याच्या दारी तर दिवसभर होडी. लोकांना परतवणं हे तिथं उद्धटपणाचं ठरतं, म्हणून दार बंद ठेवायच्या फंदात पडू नका. त्याऐवजी जागा वाटून घ्या. पडवी किंवा बाहेरची खोली पाहुण्यांची, आतली एक खोली फक्त मुलांची. तिथं पाहुणा जाणार नाही, मंडळीचा (म्हणजे चर्चचा) वडीलही नाही. संध्याकाळी साडेसहा ते आठ ही वेळ जेवण, अंघोळ, गोष्ट, प्रार्थना यांचीच. 'मुलं झोपवतोय' हे कारण तिथं लगेच समजतं, कुणी रागावत नाही.

रविवार हा तुमच्या सुट्टीचा दिवस नसेल, तो सगळ्यात जास्त कामाचा दिवस असेल. उपासना तीनचार तास चालू शकते. धाकट्याला एवढा वेळ मांडीवर गप्प बसवायला जाल तर तो देवळाचं नाव काढलं की रडायला लागेल. सतरंजी, पाणी, केळं, दोन खेळणी बरोबर न्या. पावणेदोन तासांनी एका पालकाने मुलांना घेऊन बाहेर पडायचं आणि हे पाळकांना पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवायचं. सुट्टी सोमवारी घ्या. ती कॅलेंडरवर लिहा आणि त्या दिवशी फोन एकाच्याच हातात ठेवा.

मलेरिया. आपण भारतातले, मलेरिया आपल्या परिचयाचा, ही समजूत इथं घातक ठरते. आपल्याकडे बऱ्याच जणांनी पाहिलेला असतो तो व्हायव्हॅक्स: थंडी, ताप, गोळ्या, आठवड्यात बरं. व्हिक्टोरिया सरोवराच्या पट्ट्यात मुख्यतः फाल्सिपेरम हा जास्त घातक प्रकार आहे, तिथला प्रसार केनियात सगळ्यात जास्त असलेल्यांपैकी, आणि लहान मुलात तो एकदोन दिवसांत मेंदूपर्यंत जाऊ शकतो. नैरोबी सुमारे १,८०० मीटर उंचीवर असल्याने तिथं धोका बराच कमी. त्यामुळे 'आमचे ओळखीचे केनियात राहतात, काही गोळ्या घेत नाहीत' असं कुणी सांगितलं तर ते कुठं राहतात ते आधी विचारा.

प्रतिबंधक गोळी कोणती, हे प्रवासी आरोग्याची माहिती असणारे बालरोगतज्ज्ञ ठरवतील. तुम्हाला एवढं ठाऊक असू द्या. क्लोरोक्विन तिथं उपयोगाचं नाही. डॉक्सिसायक्लीन आठ वर्षांखालच्या मुलांना सहसा देत नाहीत. राहिल्या दोन: आठवड्यातून एकदा घ्यायची मेफ्लोक्विन, किंवा रोजची अटोव्हाकोन-प्रोग्वानिल. मेफ्लोक्विन निघण्याच्या दोनतीन आठवडे आधी सुरू करतात, म्हणजे मुलाला सोसत नसेल तर इथंच कळतं. फिट्सचा किंवा मानसिक आजाराचा इतिहास असेल तर ती देत नाहीत. मलेरियाचा भाग सोडल्यावरही ती चार आठवडे चालू ठेवायची असते. दुसरी एकदोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवस घेतात. दोन्हींचे डोस वजनावर असतात, म्हणून घरात वजनकाटा ठेवा आणि दर तीन महिन्यांनी डोस तपासून घ्या. वाढत्या वयाच्या मुलाला जुनाच डोस चालू राहणं ही नेहमी होणारी चूक आहे. मेफ्लोक्विन कडू असते. कुटून गुळात किंवा जॅममध्ये द्या, आणि वार ठरवा. रविवारच्या धांदलीत विसरते, सोमवार बरा.

गोळी पूर्ण संरक्षण देत नाही, म्हणून मच्छरदाणी. औषध लावलेली जाळी साधारण तीन वर्षं किंवा वीस धुण्यांपर्यंत टिकते. कडा गादीखाली चारही बाजूंनी खोचायच्या. लहान मूल झोपेत जाळीला टेकतं आणि डास बाहेरूनच चावतो, त्यामुळे छताला एका टोकाने टांगलेल्या गोल जाळीपेक्षा चौकोनी, ऐसपैस जाळी घ्या. किसुमू जवळजवळ विषुववृत्तावर आहे, सूर्य वर्षभर पावणेसातच्या सुमाराला मावळतो. मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. साडेसहाला मुलं घरात, लांब बाह्या, दारं बंद. हाच तो जेवणाचा आणि गोष्टीचा वेळ, एकाच नियमात दोन कामं होतात.

आणि ताप. पश्चिम केनियात मुलाला ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं. 'दात येताहेत', 'पावसात भिजला', 'उद्या बघू', यातलं काहीही चालणार नाही. घरात झटपट तपासणीचे किट ठेवा, पण त्याचा एक गुण लक्षात असू द्या: उपचार होऊन गेल्यावरही त्यातली बरीचशी किट काही आठवडे पॉझिटिव्ह दाखवतात. महिन्याभरात पुन्हा ताप आला तर काचपट्टीवरची तपासणीच करून घ्या. फिट येणं, खूप सुस्ती, काही न पिणं, प्यायलेलं सगळं उलटून पडणं, यातलं एकही दिसलं तर किटच्या निकालाची वाट न बघता रुग्णालय गाठा. राहायला गेल्याच्या पहिल्या आठवड्यात घरापासून त्या रुग्णालयापर्यंत एकदा दिवसा आणि एकदा रात्री जाऊन या. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून काम करणाऱ्या अॅम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्स या हवाई रुग्णवाहिका सेवेची वार्षिक वर्गणी संस्थेकडून भरून घ्या. नगरला सुट्टीवर आल्यावर तीन महिन्यांपर्यंत कधीही ताप आला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य 'आम्ही आफ्रिकेतून आलोय' हेच सांगायचं.

लसींमध्ये एक गणित आधी जुळवावं लागतं. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि आता ते आयुष्यभर चालतं. केनियातून भारतात परतताना ते मागतात, नसेल तर मुलासकट विलगीकरणात ठेवू शकतात. धाकट्याचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत येतो, म्हणजे नेमका आताच. दोन्ही लसी जिवंत विषाणूंच्या आहेत, त्यांच्यात निदान चार आठवड्यांचं अंतर ठेवलेलं बरं. म्हणून निघण्याआधी दोन महिने डॉक्टरांकडे जा, दोन आठवडे आधी नाही. टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि रेबीजची आगाऊ लसही विचारा. लहान मूल कुत्र्याने चाटलं किंवा ओरबाडलं तर घरी येऊन सांगत नाही.

बाकीच्या किडामुंगीचं भराभर सांगते. अंगणातल्या मातीत फुंझा नावाची पिसू असते, ती पायाच्या बोटांत घुसते. अनवाणी खेळू देऊ नका, रोज झोपताना पाय बघा. वाळत घातलेल्या ओल्या कपड्यांवर एक माशी अंडी घालते आणि अळी कातडीखाली वाढते, म्हणून लंगोट आणि चड्ड्या शिवणीवरूनसुद्धा इस्त्री करूनच घालायच्या. सरोवराच्या पाण्यात मुलांना उतरवायचं नाही, बिल्हार्झिया हा पाण्यातल्या जंतांचा आजार होतो. लोक आम्हाला सापांबद्दल विचारतात. मला भीती वाटते ती बोडाबोडाची. ही मोटरसायकल टॅक्सी, तिचं नावच युगांडाला लागून असलेल्या बुसियाच्या सीमेवर 'बॉर्डर बॉर्डर' ओरडण्यातून आलंय. मूल मध्ये घेऊन त्यावर बसायचं नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा. मुलांची गाडीतली सीट इथून घेऊन जा.

जेवणाची काळजी मात्र सोडा. नाचणी तिथं 'विंबी', तिची पेज म्हणजे 'उजी', आपल्या सत्वाची सख्खी बहीण. ज्वारीला 'म्तामा' म्हणतात, भाकरी थापता येते. मूग 'न्देंगू', गूळ 'सुकारी ङ्गुरू', चपातीला चपातीच. किसुमूत भारतीय दुकानं आहेत, तूरडाळ, हिंग, मोहरी मिळते. सामानातलं वजन त्यावर घालवू नका, गोडा मसाला आणि कुकरच्या जादा रिंगा न्या. वीज २४० व्होल्ट, आपली उपकरणं चालतात, फक्त प्लग चौकोनी तीन पिनांचा. एका बाबतीत कडक राहा: ओलसर साठवलेला मका आणि शेंगदाणे. त्यातल्या बुरशीच्या विषाने २००४ मध्ये केनियाच्या पूर्व भागात सव्वाशे माणसं दगावली होती. मक्याचं पीठ बंद पाकिटातलं आणि थोडंथोडं आणा, कुबट वासाचे दाणे निवडत बसू नका, टाकून द्या. पाणी खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळलं तरी पुरतं.

आता शाळा. केनियाचं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होऊन ऑक्टोबर-नोव्हेंबरात संपतं, तीन सत्रं, मध्ये एप्रिल आणि ऑगस्टची सुट्टी, शेवटी नाताळासकट जानेवारीपर्यंतची मोठी सुट्टी. पहिलीच्या आधी पीपी १ आणि पीपी २ अशी बालवाडीची (प्री-प्रायमरी) दोन वर्षं असतात, पहिलीचं वय सहा. तुमच्या मुलीसाठी मी असं सुचवेन: नाताळ घरी करा, करंज्या-शंकरपाळ्यांचा फराळ खाऊन, सगळ्यांना भेटून जानेवारीच्या मध्याला निघा. पहिलं सत्र शाळेत घालू नका. मे महिन्यात दुसऱ्या सत्राला पीपी २ मध्ये घाला. मधल्या साडेतीन महिन्यांत घर, जेवण, झोप बसते, दहावीस शब्द येतात. लांब पावसाळा मार्च ते मे असतो आणि त्याच्या मागोमाग मलेरिया वाढतो. तोवर जाळी-गोळीची सवय लागलेली असते. जानेवारीत उतरून चार दिवसांत शाळेच्या फाटकावर सोडलेली मुलं बोलणं बंद करतात, मग आईबाप शाळेला दोष देतात.

तसंही पहिले काही महिने ती शाळेत गप्पच राहील. नव्या भाषेत मूल आधी ऐकतं, मग बोलतं, तीनचार महिने गप्प राहणं चालण्यासारखं आहे. घरी मराठीत भरपूर बडबड चालू असेल तर काळजी नको. घरीही बोलणं आटलं, किंवा येत असलेले मराठी शब्द जायला लागले, तर मात्र डॉक्टर गाठा.

भाषांचा गुंता समजून घ्या. शाळेत इंग्रजी आणि स्वाहिली, अंगणात लुओ लोकांची धोलुओ, घरात मराठी. चार भाषा ऐकून सासूबाई घाबरतील, मुलं घाबरत नाहीत. फक्त मराठीची जबाबदारी तुमची एकट्यांची आहे, ती सांभाळायला तिथं दुसरं कुणी नाही. दोघांनीही मुलांशी मराठीतच बोला, 'शाळेत लवकर रुळेल' म्हणून इंग्रजीवर येऊ नका. थोरलीला सहाव्या वर्षापासून आठवड्यातून पाच दिवस वीस मिनिटं देवनागरी. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. याला भावनिक कारण तर आहेच, पण व्यवहाराचंही आहे. तीन वर्षांनी परत याल तेव्हा ती आठ वर्षांची असेल. शिक्षण हक्क कायद्याने वयानुरूप वर्गात प्रवेश मिळेल, पण २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीचं आहे. वाचता न येणारी तिसरीतली मुलगी वर्गात सगळ्यांत मागे पडते, आणि तेव्हा तिला 'हाल' हा शब्द खरंच लागू होतो.

वसतिगृहाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच. केनियातच किजाबेला १९०६ पासून मिशनऱ्यांच्या मुलांची रिफ्ट व्हॅली अकॅडमी आहे. आपल्याकडे कोडाईकनालची शाळा १९०१ साली याच गरजेतून निघाली. एके काळी सहासात वर्षांची मुलं वर्षातले नऊ महिने अशी दूर ठेवणं हाच शिरस्ता होता, आईबापांना सेवेला मोकळं करायला. त्या पिढीने मोठं झाल्यावर त्याची किंमत उघडपणे सांगितली. पश्चिम आफ्रिकेत गिनीतल्या मामूच्या शाळेत मुलांवर अत्याचार झाल्याचं तर १९९८ च्या चौकशीतून समोर आलं. आजच्या शाळांत नियम पुष्कळ सुधारलेत, आणि चौदापंधरा वर्षांचं मूल स्वतः मागत असेल तर मी हरकत घेणार नाही. पाच वर्षांच्या मुलीसाठी उत्तर सरळ 'नाही' असं आहे. ठिकाणी चांगली शाळा नसेल तर ठिकाण बदला.

'तिसऱ्या संस्कृतीची मुलं', म्हणजे आईबापांच्या देशाबाहेर वाढणारी मुलं, ही कल्पना रूथ हिल यूसीम या समाजशास्त्रज्ञ बाईंनी मांडली, आणि तीही १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करताना. म्हणजे ही गोष्ट आपल्या अंगणातच पहिल्यांदा नीट टिपली गेली. आता वाट उलटी आहे, एवढंच. त्यात एक फरक मात्र तुम्हाला जाणवेल. गोऱ्या मिशनऱ्याच्या मुलाला तिथं 'मुझुंगू' म्हणतात. तुमच्या मुलीला 'मुहिंदी', म्हणजे भारतीय, म्हणतील, आणि मुहिंदी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर दुकानदार येतो. किसुमूपर्यंत रेल्वे आली ती १९०१ साली, भारतीय मजुरांच्या हातांनी. मागोमाग दुकानं आली, पैसा आला, आणि अंतरही आलं. 'तुझ्या बाबांचं दुकान कुठंय' असं तिला विचारतील. त्याचं एक साधं उत्तर घरी ठरवून द्या. लोक केसांना हात लावतील, तर 'सिताकी', म्हणजे मला नको, हा शब्द तिला पहिल्या आठवड्यात शिकवा आणि ती म्हणाली की तिची बाजू घ्या, समोर मंडळीचे कितीही मोठे वडील असोत.

हाच धागा सुरक्षिततेला लागतो. मिशनऱ्याच्या घरात सगळ्यांवर विश्वास ठेवायची सवय असते आणि मुलं कुणाच्याही कडेवर जातात. नियम एकच ठेवा, सर्वांना सारखा: बंद दाराआड कुणीही मोठा माणूस मुलाबरोबर एकटा नाही. मुलं सांभाळायला बाई ठेवाल, तिला तिथं 'याया' म्हणतात, आपल्या 'आया'चंच भावंड. तिला पगार वेळेवर, कामाचे तास ठरलेले, आणि हा नियम पहिल्या दिवशी समोर बसून सांगितलेला असावा. जाता जाता एक वेगळी गोष्ट, आमंत्रणाची वेळ दोनदा विचारा: स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, 'सा नाने', म्हणजे आठवा तास, हा दुपारी दोनचा असतो.

प्रार्थनापत्रात, म्हणजे दान देणाऱ्यांना पाठवायच्या पत्रात, मुलांचे फोटो घालायची फार घाई होते, कारण ते पाहून दान देणारे खूश होतात. शाळेचं नाव, गणवेश, घराचा ठावठिकाणा नको. आजारपण, अंथरूण ओलं करणं, हट्ट, यातलं काही प्रार्थनेचा विषय म्हणून छापू नका. सुट्टीवर आलात की प्रत्येक मंडळीत 'बाळा, स्वाहिली गाणं म्हणून दाखव' सुरू होतं. एका मंडळीत हौसेने म्हणेल. पाचव्या ठिकाणी तिला कळेल की ती दाखवण्याची वस्तू आहे. तिला आधी विचारा, ती नाही म्हणाली तर मंचावर तुम्ही एकटे जा. आठ आठवड्यांची सुट्टी असेल तर पहिले तीन आठवडे मंडळ्यांच्या भेटी ठेवूच नका.

निरोपाबद्दल. अशा मुलांवर लिहिणाऱ्या डेव्हिड पोलॉक यांनी चार पायऱ्या सुचवल्या आहेत: रुसवे मिटवणं, आभार मानणं, माणसांचा-जागांचा-वस्तूंचा निरोप घेणं, आणि पुढच्या जागेचा विचार करणं. पाच वर्षांच्या मुलीला तिसरी पायरी खरोखर करायला लावा. शाळेच्या बाकाला, आजीच्या ओट्याला, शेजारच्या कुत्र्याला नाव घेऊन 'येते हं' म्हणायचं. धाकट्याला यातलं काही कळणार नाही. त्याला त्याची गोधडी धुऊन न टाकता जशीच्या तशी न्या, वास महत्त्वाचा.

गेल्यावर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात उतार लागतो. नव्याची नवलाई संपलेली, तुम्हीही दमलेले. थोरली पुन्हा अंथरूण ओलं करेल, धाकटा कडेवरून उतरणार नाही. अशा वेळी शिस्त वाढवू नका, दिनक्रम घट्ट करा: तेच ताट, तीच झोपेची वेळ, तेच गाणं. दोनअडीच महिन्यांत ओसरत नसेल, वजन घटत असेल, तर कामाचे तास कमी करून घ्या. लेखी घ्यायच्या पाच गोष्टी त्यासाठीच होत्या.

सासूबाईंना एक वार, एक वेळ द्या. केनियाची घड्याळं आपल्यापेक्षा अडीच तास मागे, तिकडचे पाच म्हणजे नगरचे साडेसात. 'बोल ना आजीशी' असं म्हणत फोन तोंडासमोर धरला की दीड वर्षाचं मूल पळतं. आजींनी 'अडगुलं मडगुलं' म्हणावं, किंवा पोळी लाटत राहावं आणि त्याने नुसतं बघावं. दहा मिनिटं पुरतात. नातवाला ओळख राहील का, ही त्यांची भीती खरी आहे आणि ती अशा दहा मिनिटांनीच कमी होते.

कागदपत्रांचं शेवटी. धार्मिक कामासाठी 'आय' वर्गाचा परवाना लागतो, मुलांना डिपेंडंट पास. डिपेंडंट पासवर काम करता येत नाही, तेव्हा तुमचं नाव कशावर आहे हे संस्थेला आत्ताच विचारा. लहान मुलांचा भारतीय पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. थोरलीचा जन्मल्यावर लगेच काढला असेल तर तो आत्ता संपत आला असणार, नूतनीकरण इथंच करून घ्या. तिथं तिसरं बाळ झालं तर वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्मनोंदणी करायची. जन्मदाखले, लसीकरणाची कार्डं, बालवाडीचा दाखला यांच्या दोन प्रती हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नाही. आणि डॉक्टरांची वेळ याच आठवड्यात घ्या, धाकट्याच्या गोवराच्या डोसाची तारीख ठरल्याशिवाय पुढचं काहीच ठरत नाही.